विद्यार्थ्यांचा वेळ कोणाच्या मालकीचा?

सत्र संपण्याच्या आदल्या रात्री जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही महाविद्यालयीन वसतिगृहात डोकावून पाहावे. दिवे जळत असतात, चार खाटांवर चार मुले मांडी घालून बसलेली असतात आणि त्यांच्यामध्ये कोणा एका नियमित मुलाचे जर्नल फिरत असते. चार महिन्यांत व्हावयाचे काम एका रात्रीत उतरवले जाते. मधूनच एखादा ‘पाच मिनिटे’ म्हणून मोबाइल हातात घेतो. ती पाच मिनिटे संपतात तेव्हा पाऊण तास उलटलेला असतो. सकाळी झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते, दुपारी जर्नले प्राध्यापकांच्या टेबलावर जाऊन पडतात आणि न वाचताच त्यांवर सह्या होतात. हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यावर पालकसभांतून, व्याख्यानमालांतून आणि मंत्र्यांच्या भाषणांतून काढला जाणारा निष्कर्षही तितकाच परिचयाचा आहे: हल्लीची पिढी आळशी आहे, मोबाइलने ती बिघडली आहे, तिला शिस्त लावली पाहिजे.

हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. तथापि, त्याला उत्तर म्हणून दृश्यच नाकारणे हेही आम्हांला मान्य नाही. आपल्या चळवळीतील काही मित्र ‘तरुणांना नावे ठेवणे हा म्हातारपणाचा जुना छंद आहे’ एवढे म्हणून हा विषय झटकून टाकतात. त्यांचा उदारपणा स्तुत्य असला तरी परीक्षेत राहिलेली मुले त्यामुळे उत्तीर्ण होत नाहीत. ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी आजवर कोणी चढले नव्हते, अशी मुले-मुली आज मोठ्या संख्येने तेथे पोचली आहेत. तेथे पोचल्यावर त्यांच्या हातातील वेळ कोण काढून घेत आहे, हा प्रश्न समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्याने विचारावयाचा नाही तर कोणी विचारावयाचा?

अभ्यासाची चालढकल मोबाइलने जन्माला घातली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दुसऱ्याचे जर्नल उतरवण्याची विद्या आमच्या पिढीलाही अवगत होती. रेडिओवरचे क्रिकेटचे समालोचन, कोपऱ्यावरचा कट्टा, चित्रपटाचा शेवटचा खेळ ही आमची आश्रयस्थाने होती. अमेरिकेतील डायॅन टाइस आणि रॉय बॉमाइस्टर या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, काम पुढे ढकलणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निश्चिंत असतात आणि शेवटी इतरांपेक्षा अधिक तणावाखाली व अधिक आजारी असतात. शिवाय त्यांचे गुणही कमी असतात. त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या खिशात असे यंत्र नव्हते.

मग चालढकल म्हणजे नेमके काय? पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरील आधीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. ज्या कामाची मनाला नावड आहे, ज्याचे फळ फार लांब आहे आणि जे आपल्याला जमेल असा विश्वास नाही, ते काम माणूस पुढे ढकलतो; त्यातच क्षणिक ओढीला बळी पडण्याचा स्वभाव असला म्हणजे अधिकच ढकलतो, असे त्यातून दिसते. पुढे २०१३ साली फ्यूशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी असे मांडले की, चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून मनःस्थितीचा प्रश्न आहे. पुस्तक उघडले की भीती, कंटाळा, न्यूनगंड वर येतो; पुस्तक मिटले की तात्पुरती सुटका होते. त्या सुटकेची किंमत पुढे कधीतरी चुकती करावी लागते, पण ती भरणारा ‘उद्याचा मी’ असतो आणि तो आज आपल्याला परक्यासारखा वाटतो.

म्हणजे पळून जाण्याची इच्छा जुनीच आहे. नवीन आहे ती पळवाटेची रचना. पूर्वी चित्रपटगृह दोन मैलांवर होते, तिकिटाला पैसे पडत, आणि तीन तासांनी दिवे लागून माणसाला घरी जावे लागे. वर्तमानपत्राला शेवटचे पान होते. आजच्या पळवाटेला अंतर नाही, तिकीट नाही आणि शेवटचे पानही नाही. हे आपोआप झालेले नाही. पडद्यावरचा मजकूर कधीच न संपता खाली खाली येत राहावा, ही रचना एझा रॅस्किन या तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ साली कबूल केले की, लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे खाता येईल हाच विचार ही माध्यमे घडवताना पुढे होता, आणि त्यासाठी मानवी मनाच्या दुबळ्या जागेचा जाणूनबुजून उपयोग केला गेला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी आपली स्पर्धा माणसांच्या झोपेशी असल्याचे सांगितले होते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत आढळले होते की, दर वेळी दाणा मिळण्यापेक्षा केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे पक्षी अधिक चिकाटीने चोच मारीत राहतो. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. बोटाने पडदा सरकवीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला पुढचा व्हिडिओ रुचेल की नाही हे ठाऊक नसते. नेमके म्हणूनच तो पुढचा पाहतो.

आता हे आपल्याकडे कसे आले ते पाहू. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्सच्या जिओची सेवा सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत तिने इंटरनेट फुकट वाटले. मार्च २०१४ मध्ये या देशातला एक ग्राहक महिन्याला सरासरी सुमारे ६२ एमबी डेटा वापरीत होता. दहा वर्षांनी तो २० जीबीहून अधिक वापरू लागला. फुकटची सवय लागल्यावर दर वाढत गेले, हे सांगावयास नको. २०२० च्या जूनअखेर भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा राष्ट्रप्रेमाचे नगारे वाजले; परंतु जुलैमध्ये इन्स्टाग्रामने आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने अगदी त्याच धाटणीचे आखूड व्हिडिओ येथे आणून ती रिकामी जागा भरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन आणि जुलैमध्ये गूगलने ३३,७३७ कोटी रुपये देण्याचे ठरवून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये भागीदारी घेतली. म्हणजे वाट विकणारा आणि त्या वाटेवर दुकान मांडणारा यांचे हितसंबंध एक झाले. या महिन्यांत देशातील महाविद्यालये बंद होती व कोट्यवधी मुले घरात बसून होती, ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि त्यातील जवळजवळ सर्व जाहिरातींचे होते. जाहिरातदाराला ही कंपनी विकते काय? आपल्या वसतिगृहातील त्या खाटेवरच्या मुलाचा पाऊण तास विकते.

मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ ग्रंथात कामाच्या दिवसावर एक दीर्घ प्रकरण लिहिले आहे. मजुराच्या जेवणाच्या सुटीतली पाच मिनिटे, कामाआधीची पाच मिनिटे अशी गिरणीमालक कशी कुरतडून घेत, याचा हिशेब त्याने कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतून काढून दाखवला आहे. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. कामगार चळवळीचा निम्मा इतिहास वेळेवरच्या हक्काचा इतिहास आहे. अर्थात ही तुलना फार ताणू नये. मजुराला त्या तासांचे, तुटपुंजे का होईना, दाम मिळत होते आणि आपण लुटले जात आहोत हे त्याला कळत होते. येथे दाम नाही आणि लूट करमणुकीच्या वेषात येते. लुटला जाणारा स्वतःलाच दोष देतो, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी सोय आहे.

‘मग फोन बाजूला ठेवा’ असा सोपा उपदेश केला जातो. उपदेश करणाऱ्यांनी एकदा महाविद्यालयात प्रवेश घेऊन पाहावा. प्रवेशाचा अर्ज फोनवर, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर, परीक्षेचे प्रवेशपत्र फोनवर, निकाल फोनवर. उद्याचा तास रद्द झाल्याची सूचना रात्री अकरा वाजता वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते आणि ती न पाहणारा दुसऱ्या दिवशी वीस मैलांचा एसटीचा प्रवास फुकट करतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. तरीही मार्च २०२० नंतर शिक्षण एका फटक्यात पडद्यावर ढकलले गेले. गरीब आईबापांनी दागिना मोडून, उचल घेऊन मुलांना फोन घेऊन दिले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांची दारे २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली तोवर दीड वर्ष लोटले होते. ज्या यंत्रावर तास भरत होता त्याच यंत्रावर करमणूक होती, आणि दोहोंमध्ये एका बोटाचे अंतर होते. शासनाने आणि विद्यापीठांनी फोन सक्तीचा केला, आणि आता तीच मंडळी विद्यार्थ्यांना संयमाचे धडे देत आहेत.

परंतु सर्व दोष कंपन्यांवर टाकून आम्हांला मोकळे व्हावयाचे नाही. मुलगा ज्यापासून पळतो ते काय आहे, हेही पाहिले पाहिजे. अनेक महाविद्यालयांत विषय शिकवणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. त्याला तासामागे पैसे मिळतात, सुटीत काहीच मिळत नाही, आणि पुढील वर्षी तो तेथे असेल याची शाश्वती नसते. कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या जातात. अशा माणसाने विद्यार्थ्याचे जर्नल वाचून त्यावर टिपण लिहावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? जर्नल कोणी वाचणार नाही हे विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात कळते. जे कोणी वाचणार नाही ते लिहिण्याची चालढकल करणे याला आळस म्हणण्यापेक्षा व्यवहारज्ञान म्हणणे अधिक योग्य होईल. शिवाय मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेल्या मुलापुढे विज्ञान वा अभियांत्रिकीचे इंग्रजी पुस्तक ठेवले जाते; पहिले पान तिसऱ्यांदा वाचूनही उमगत नाही तेव्हा त्याला वाटते की आपल्याच डोक्यात काही कमी आहे. चालढकलीचे जे मूळ संशोधकांनी सांगितले ते हेच. आणि पदवीच्या टोकाला नोकरी दिसत नसेल तर ‘फळ फार लांब आहे’ या शब्दांना वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने राज्यातील विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका संपवल्या, २०१६ च्या कायद्याने त्यांचा मार्ग पुन्हा मोकळा केला, तरी त्यानंतर वर्षामागून वर्षे त्या टाळल्याच गेल्या. तेव्हा चालढकलीचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्याच माथी का मारावा?

मोबाइलचा अतिवापर आणि अभ्यासातील पीछेहाट या दोन गोष्टी एकत्र आढळतात, असे सांगणारे अभ्यास अनेक आहेत. मात्र फोनमुळे अभ्यास मागे पडतो की अभ्यासाच्या भीतीने मूल फोनकडे वळते, हे त्यांतील बहुतेकांना सांगता येत नाही. फोन नुसता टेबलावर पडून असला तरी विचारशक्ती मंदावते, असा निष्कर्ष टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली काढला होता. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत तो सर्वत्र तसाच आढळला नाही. म्हणून ‘मोबाइल म्हणजे अफू’ अशा घोषणा आपण देऊ नयेत. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. भीतीने मुलगा फोन उचलतो, फोनमध्ये वेळ जातो, गेलेल्या वेळेने भीती वाढते. या चक्रातून बाहेर पडण्यास आधार कोणाला आहे आणि कोणाला नाही, येथे वर्गाचा प्रश्न येतो.

सुखवस्तू घरातील मुलाने सत्र वाया घालवले तर त्याला खासगी शिकवणी लावता येते, पुढील वर्षाची फी भरता येते. काहीच जमले नाही तर वडिलांचा व्यवसाय असतो. ऊसतोड कामगाराच्या किंवा कंत्राटी सफाई कामगाराच्या मुलाजवळ भांडवल म्हणून केवळ वेळ असतो. दोन विषय राहिले की त्याची शिष्यवृत्ती अडते, वसतिगृहातील जागा धोक्यात येते. मुलीचे तर विचारूच नये. गावाकडे स्थळे पाहून ठेवलेली असतात. वर्ष वाया गेल्याची बातमी हे तिचे शिक्षण थांबवण्यास पुरेसे निमित्त होते. एका अभ्यासवर्गात द्वितीय वर्षाच्या एका मुलीने आम्हांला विचारले होते, “काका, माझा दादा रात्रभर फोन बघतो, त्याला कोणी काही बोलत नाही. मी अर्धा तास बघितला की आई म्हणते, कॉलेज बंद कर. मग मी पांघरुणात बघते. माझंच चुकतं का?” त्या प्रश्नाला आमच्यापाशी सभेत देता येण्याजोगे उत्तर नव्हते.

परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सकपाळ पहाटे दोन वाजता आपल्या भीमाला उठवीत, कारण दिवसा त्या खोलीत अभ्यासाला जागा आणि शांतता मिळत नसे. पुढे बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना उभी केली, तीत विद्यार्थी दिवसा शेतात खपत आणि रात्री वाचीत. या थोरांची उदाहरणे देऊन आजच्या मुलांना लाजवण्याचा आमचा हेतू नाही. त्या पिढ्यांपुढे अडचणी डोंगराएवढ्या होत्या. पण त्यांच्या उशाशी बसून त्यांचे लक्ष खेचण्यासाठी जगातील अतिशय हुशार अभियंते भरपूर पगारावर कामाला लावलेले नव्हते.

उपाय काय? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांतून फोन हद्दपार केले. लहान मुलांपुरता असा विचार होऊ शकतो. महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र मतदार आहे. त्याच्यावर बंदी घालण्याचा अधिकार आम्ही कुलगुरूंना देऊ इच्छित नाही, आणि ऑगस्ट २०१९ नंतर काश्मीरमध्ये दीड वर्ष वेगवान इंटरनेट बंद ठेवणाऱ्या सरकारला तर मुळीच नाही. बंधन यावयाचे ते विद्यार्थ्यावर न येता कंपन्यांच्या रचनेवर आले पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. म्हणजे बारावीत संरक्षण आहे आणि प्रथम वर्षात, जेव्हा मुलगा घर सोडून एकटा शहरात येतो, नेमके तेव्हा ते संपते! युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना वापरणाऱ्याच्या सवयींवर न बेतलेली अशी किमान एक मांडणी देणे बंधनकारक केले आहे. तशी तरतूद येथे का होऊ नये? आपोआप सुरू होणारे व्हिडिओ मुळात बंद ठेवावेत, ज्याला हवे त्याने सुरू करावेत. रात्रीच्या सूचनांचेही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन जुगारावर संसदेने काही दिवसांत कायदा केला. मनात आणले तर सरकार हात घालू शकते, एवढे त्यावरून दिसले.

विद्यापीठांकडे मागावयाच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. प्रत्येक सूचना फलकावर कागदावर लागली पाहिजे. सायंकाळी सातनंतर वर्गाच्या गटावर पाठवलेली सूचना दुसऱ्या दिवशी कोणावरही बंधनकारक असता कामा नये. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, आणि सत्राअखेरच्या एका जर्नलाऐवजी दर पंधरवड्याला वाचले जाणारे, परत मिळणारे दोन पानांचे काम दिले पाहिजे. मराठीतून पाठ्यपुस्तके हवीत, हे तर आपण किती वर्षे म्हणत आहोत!

राहिला आपला स्वतःचा प्रश्न. गेल्या काही वर्षांत आपल्या बैठकांतून दिसणारे चित्र फारसे अभिमानास्पद नाही. वक्ता बोलत असतो आणि पहिल्या रांगेतील ज्येष्ठ कार्यकर्ते मांडीवर फोन ठेवून ‘पुढे पाठवा’ करीत असतात. पत्रक वाटण्याऐवजी गटावर टाकले की काम झाले, असा एक नवाच समज रूढ होत आहे. अभ्यासमंडळांची जागा व्हिडिओच्या दुव्यांनी घेतली आहे. विद्यार्थ्यांना सांगण्यापूर्वी हे थांबले पाहिजे. निदान बैठक चालू असताना तरी.

आणि एक काम लगेच हाती घेण्याजोगे आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धापरीक्षांची मुले महिन्याला पैसे मोजून अभ्यासिकेत जागा घेतात, आणि त्यांतली कित्येक साधा बटणांचा फोन बाळगतात. बसण्यास खुर्ची, डोक्यावर दिवा आणि शेजारी वाचीत बसलेला दुसरा माणूस, एवढ्यासाठी ती पैसे देतात. शेजारी कोणी वाचीत असले म्हणजे आपले पानही उलटते, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला त्यातला अर्थ कळेल. ज्याला ते पैसे परवडत नाहीत त्याच्यासाठी काय? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगाव मान्यताप्राप्त वाचनालये आहेत. तुटपुंज्या अनुदानावर चालणारी, संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी, पुष्कळदा वर्तमानपत्रांपुरती उरलेली. त्यांच्या संचालक मंडळांवर आपले अनेक सहकारी आहेत. ती वाचनालये रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्यास लागणारा दिव्याचा खर्च आणि एक माणूस, यांची तजवीज तालुका शाखांनी करावी. मुलींसाठी वेगळे टेबल आणि घरापर्यंत सोबत यांचीही सोय हवी; नाहीतर तिच्या घरचे तिला पाठवणार नाहीत. दाराशी एक कपाट ठेवावे, फोन त्यात राहतील. ज्याला ठेवावयाचा नसेल त्याच्यावर सक्ती नको. पहिल्या सत्राच्या परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येतात. गणपती उठले की सुरुवात करता येईल, आणि कोणत्या शाखेने किती वाचनालये उघडी ठेवली याची माहिती या पृष्ठावर आम्ही छापू.